जनावरांचे गाभडणे आणि मुलांचा ताप

शेती आणि पशुपालन हे दोन व्यवसाय आपल्या खेड्यांत एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. गोठा बहुधा घराला लागून असतो, आणि शेळ्या-करडे तर पुष्कळ ठिकाणी ओसरीवरच बांधलेली असतात. जनावरांच्या या सान्निध्यामुळे घराला दूध, खत आणि चार पैसे मिळतात. परंतु त्याच वाटेने जनावरांचे काही रोगही घरात प्रवेश करतात. ब्रुसेलोसिस हा अशा रोगांपैकी एक होय. गाई-म्हशींमधील या रोगास ‘सांसर्गिक गर्भपात’ असे म्हणतात. माणसांत तो ‘माल्टा ताप’ किंवा ‘लहरी ताप’ या नावांनी ओळखला जातो.

गाय गाभडली म्हणजे शेतकऱ्यास त्याची तत्काळ जाणीव होते. वासरू गेले, एका वेताचे दूध गेले, हे नुकसान डोळ्यांना दिसते. मात्र तोच रोग त्या घरातील मुलाला झाला, तर तो सहसा ओळखला जात नाही. गाय गाभडल्याला कित्येक आठवडे लोटलेले असतात. गाईची हकीकत पशुवैद्यकाच्या कानी जाते आणि मुलाची डॉक्टरांच्या. या दोन हकीकती एकत्र आल्या नाहीत, तर मूल महिनोन्महिने तापाने झिजत राहते आणि औषधे बदलत राहतात. म्हणून गोठ्यातील गर्भपात आणि मुलाचा न हटणारा ताप यांचा संबंध प्रत्येक पशुपालक कुटुंबाने आणि ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

रोगाचे कारण

हा रोग ब्रुसेला नावाच्या अतिसूक्ष्म जंतूंमुळे होतो. या जंतूंच्या अनेक जाती आहेत. गाई-म्हशींत प्रामुख्याने एक जात आढळते, शेळ्या-मेंढ्यांत दुसरी आणि डुकरांत तिसरी. या तिन्ही जाती माणसाला रोगी करू शकतात. त्यांपैकी शेळ्या-मेंढ्यांतील जात माणसांच्या दृष्टीने सर्वांत उग्र असते. ही गोष्ट मुलांच्या बाबतीत विशेष लक्षात ठेवावी, कारण शेळी हेच जनावर मुलांच्या सर्वांत जवळचे असते.

जनावराच्या शरीरात शिरलेले जंतू गाभण मादीच्या गर्भाशयात व कासेत ठाण मांडतात. गर्भाशयात त्यांची बेसुमार वाढ होऊन गर्भ दगावतो आणि मुदतीपूर्वी बाहेर टाकला जातो. अशा वेळी पडलेला गर्भ, वार आणि अंगावरून जाणारे पाणी यांत जंतूंची संख्या सर्वाधिक असते. पुढे कित्येक आठवडे जनावराच्या स्रावातून जंतू बाहेर पडत राहतात. दुधातून तर ते दीर्घकाळ पडू शकतात. कडक उन्हात हे जंतू काही तासांत मरतात, परंतु ओलसर, सावलीच्या जागी ते आठवडे, प्रसंगी महिने जिवंत राहतात. अंधारा व दमट गोठा त्यांना मानवतो तो यामुळेच.

माल्टा बेटावरील अनुभव

या रोगाचा इतिहास बोधप्रद आहे. भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर तैनात असलेल्या ब्रिटिश सैनिकांना दीर्घकाळ टिकणारा एक ताप वारंवार येत असे. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरांनी या तापाने मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून रोगजंतू वेगळे काढले. रोगाचे आजचे नाव त्यांच्याच नावावरून पडले आहे. मात्र जंतू सापडूनही ते सैनिकांपर्यंत कोठून येतात, हे कोडे अनेक वर्षे सुटले नाही.

१९०५ साली माल्टातीलच डॉक्टर थेमिस्टोक्लिस झॅमिट यांनी बेटावरील शेळ्यांच्या रक्ताची तपासणी केली, तेव्हा वरकरणी धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांमध्ये हा रोग आढळून आला. पुढील तपासात निम्म्याच्या आसपास शेळ्यांना रोगाची लागण झाल्याचे आणि सुमारे एक दशांश शेळ्यांच्या दुधातून जंतू पडत असल्याचे दिसले. १९०६ साली सैनिकांच्या आहारातून शेळीचे कच्चे दूध बंद करण्यात आले आणि त्यांच्यातील तापाचे प्रमाण झपाट्याने खाली आले. बेटावरील सामान्य नागरिकांच्या घरी मात्र गवळी शेळ्या दारोदार नेऊन दाराशीच धार काढून देत असत. त्यामुळे तेथील कुटुंबांत हा रोग पुढेही अनेक वर्षे चालू राहिला. १९३८ साली दुधाच्या पाश्चरीकरणाचे केंद्र उभे राहिल्यानंतरच त्यांना खरा दिलासा मिळू लागला.

या हकीकतीतून दोन धडे घेता येतात. पहिला असा की, जनावर निरोगी दिसले म्हणून त्याचे दूध निर्दोष असते असे नव्हे. दुसरा असा की, दूध तापवून घेण्याची साधी दक्षता ज्यांनी घेतली ते वाचले. ज्यांना ती घेता आली नाही ते आजारी पडत राहिले.

गोठ्यातील धोक्याच्या खुणा

गाय किंवा म्हैस गाभणकाळाच्या उत्तरार्धात, विशेषतः पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर, गाभडल्यास या रोगाची शंका घ्यावी. शेळी-मेंढीच्या बाबतीत शेवटच्या दोन महिन्यांतील गर्भपात संशयास्पद समजावा. वार वेळेवर न पडणे, अशक्त किंवा मेलेले वासरू जन्मणे, जनावर पुन्हा गाभण राहण्यास विलंब लागणे, काही जनावरांच्या गुडघ्यावर पाणी भरल्याप्रमाणे सूज येणे आणि वळूच्या किंवा बोकडाच्या वृषणास सूज येणे, या इतर खुणा आहेत. एकाच गोठ्यात किंवा एकाच वाडीत लागोपाठ दोन-तीन जनावरे गाभडली, तर पशुवैद्यकास त्वरित कळवून रक्ततपासणी करून घ्यावी.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. एकदा गाभडलेली गाय पुढच्या वेळी पुष्कळदा पूर्ण दिवस भरून व्यते. त्यामुळे ‘रोग निघून गेला’ असे मालकास वाटते आणि घरातील सावधगिरी सुटते. प्रत्यक्षात बाधित जनावर बहुधा जन्मभर बाधितच राहते, आणि नीट व्यायल्यानंतरही त्याच्या दुधातून व वारेतून जंतू बाहेर पडू शकतात. जनावराला औषधोपचार करून हा रोग समूळ नाहीसा करण्याचा भरवशाचा उपाय व्यवहारात नाही.

मुलांना धोका कोठून संभवतो

१. कच्चे दूध : धारोष्ण दूध पौष्टिक असते अशी समजूत आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे. धार काढताना जवळ उभ्या असलेल्या मुलाला पेलाभर दूध तसेच देणे, हा कौतुकाचा भाग मानला जातो. अशक्त मुलाला शेळीचे कच्चे दूध मुद्दाम पाजले जाते. रानात शेळ्या राखणारी मुले तर थेट आचळातून धार तोंडात घेतात. मुलांना होणाऱ्या लागणीचा हा सर्वांत मोठा मार्ग होय. कच्च्या दुधापासून केलेले लोणी, ताजे पनीर आणि चीक यांचाही यातच समावेश होतो. कच्च्या दुधाचे दही लावल्यास त्याच्या आंबटपणामुळे जंतू मरतीलच अशी खात्री देता येत नाही. दूध थंड ठेवल्याने किंवा गोठवल्यानेही ते मरत नाहीत.

२. वेत आणि गर्भपात : शेळी विताना मुले कुतूहलाने भोवती जमतात. ओले करडू पुसून घेण्याचे, उचलून घरात आणण्याचे काम पुष्कळदा त्यांच्याकडेच येते. कधी मेलेला गर्भ किंवा वार दूर टाकून येण्यास मुलालाच सांगितले जाते. हाताला ओरखडा किंवा जखम असेल तर त्यातून जंतू शरीरात शिरतात. हात न धुता तोंडाला वा डोळ्याला लावल्यासही तोच परिणाम होतो.

३. वारेची विल्हेवाट : वार उकिरड्यावर टाकली म्हणजे कुत्री ती ओढून मुलांच्या खेळण्याच्या जागेपर्यंत आणतात. काही गावांत दूध वाढावे या श्रद्धेने वार गवतात किंवा फडक्यात बांधून वडाच्या झाडाला टांगण्याची रीत आहे. गाभडलेल्या जनावराची वार अशी टांगल्यास तिच्यातून गळणारे पाणी झाडाखाली पडते, आणि त्याच सावलीत मुले खेळतात.

४. गोठ्यातील धूळ व सहवास : गाभडलेल्या जनावराची जागा कोरडीच झाडली तर धुळीबरोबर जंतू उडून श्वासावाटे आत जातात. शेळ्या राहत्या खोलीत बांधणे आणि मुलांनी करडांना व कोकरांना जवळ घेऊन निजणे, यामुळे संपर्क अधिकच वाढतो. कळपाबरोबर वस्ती हलवीत राहणाऱ्या मेंढपाळ कुटुंबांतील मुलांना हा धोका रात्रंदिवस असतो.

५. घरातील दुसरा रुग्ण : हा रोग एका माणसाकडून दुसऱ्यास सहसा लागत नाही. बाधित मातेकडून गर्भास किंवा अंगावरील दुधातून बालकास तो झाल्याची उदाहरणे आहेत, परंतु ती विरळ आहेत. तरीही घरातील एका माणसास हा रोग झाला, तर त्याच जनावराचे दूध प्यालेल्या व त्याच गोठ्यात वावरणाऱ्या इतरांनाही तो झालेला असण्याची शक्यता मोठी असते. म्हणून एक रुग्ण आढळताच घरातील सर्वांची, विशेषतः मुलांची, तपासणी करून घ्यावी.

मुलांमधील लक्षणे

जंतू शरीरात शिरल्यापासून बहुधा दोन ते चार आठवड्यांनी लक्षणे दिसू लागतात, परंतु कधी यास काही महिनेही लागतात. ताप हे मुख्य लक्षण होय. तो कधी चढतो, कधी उतरतो, काही दिवस गेल्यासारखा वाटून पुन्हा येतो. संध्याकाळी अंग तापणे, रात्री घाम येणे, भूक मंदावणे, वजन घटणे आणि मूल मलूल होणे ही लक्षणे त्यासोबत असतात. यकृत, प्लीहा व मानेतील गाठी वाढलेल्या आढळू शकतात.

मुलांच्या बाबतीत सांध्यांच्या तक्रारी विशेष ध्यानात घ्याव्यात. खुबा, गुडघा किंवा घोटा दुखू लागतो व सुजतो. मूल लंगडू लागते, आणि लहान मूल तर पाय टेकण्यासच नकार देते. खेळताना पडल्यामुळे पाय मुरगळला असावा असे समजून घरचे लोक तेल चोळतात आणि त्यात आठवडे निघून जातात. ताप आणि लंगडणे ही दोन लक्षणे पशुपालकाच्या मुलात एकत्र दिसली, तर ब्रुसेलोसिसची आठवण अवश्य ठेवावी. विरळा, परंतु गंभीर प्रसंगी हा रोग मेंदूच्या आवरणास किंवा हृदयाच्या झडपांस पोहोचतो.

हा ताप हिवताप, विषमज्वर, क्षय आणि सांधेज्वर यांच्याशी इतका मिळताजुळता असतो की, केवळ लक्षणांवरून त्याचे निदान होत नाही. समजा, एखाद्या वाडीवर माघात शेळी गाभडली. मुलाने तिची वार उचलून टाकली आणि पुढे महिनाभर तिचे कच्चे दूध तो पीत राहिला. चैत्रात त्याला ताप आला. हिवतापाची तपासणी निर्दोष निघाली. विषमज्वर समजून दिलेल्या औषधाने ताप काही दिवस उतरला आणि पुन्हा चढला. शेळीची हकीकत डॉक्टरांना कोणी सांगितली नाही, कारण ती सांगण्यासारखी आहे असे कोणास वाटले नाही. अशा वेळी ‘घरात जनावरे आहेत काय, त्यांतले कोणते गाभडले काय, मुलाने कच्चे दूध घेतले काय’ हे तीन प्रश्नच रोगाचा माग दाखवितात.

निदान व उपचार

रक्ताच्या विशिष्ट तपासण्यांनी या रोगाचे निदान करता येते. रक्तातील जंतू प्रयोगशाळेत वाढवूनही तो ओळखता येतो, परंतु हे जंतू सावकाश वाढतात. पालकांनी जनावरांशी असलेला संबंध डॉक्टरांना आपणहून सांगितला, तर योग्य ती तपासणी वेळीच होते.

या रोगावर परिणामकारक औषधे उपलब्ध आहेत आणि नीट उपचार झालेली बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. तथापि येथे तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्या लागतात. एक, एकाच औषधाने भागत नाही. दोन औषधे एकत्र द्यावी लागतात. दोन, उपचार साधारणतः सहा आठवडे चालतो, आणि सांधे, हाडे वा मेंदू यांना बाधा झाली असल्यास त्याहून अधिक काळ. पहिल्या आठ-दहा दिवसांत ताप उतरतो व मूल खेळू लागते. तेव्हाच औषध बंद करण्याचा मोह होतो. अर्धवट उपचारामुळे रोग पुन्हा उलटतो. तीन, आठ वर्षांखालील मुलांसाठी औषधांची निवड वेगळी असते. म्हणून घरातील मोठ्या माणसाची उरलेली औषधे मुलास कदापि देऊ नयेत.

प्रतिबंधक उपाय

दूध : मुलांना कोणत्याही जनावराचे दूध उकळल्यावाचून देऊ नये. पाश्चरीकरणात दूध ६३ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवले जाते व तेवढ्याने हे जंतू मरतात. घरी उष्णतामान मोजण्याची सोय नसते, म्हणून दूध ढवळीत चांगली उकळी आणावी व आणखी दोन-चार मिनिटे चुलीवर राहू द्यावे. उकळलेल्या दुधात कच्च्या दुधाचे भांडे किंवा पळी बुडवू नये. दही, ताक व लोणी उकळलेल्या दुधाचेच करावे. नीट उकडलेला खरवस आणि कढवलेले तूप यांस हरकत नाही. उकळल्याने दुधाचा कस जातो अशी शंका घेतली जाते. काही जीवनसत्त्वे थोडी कमी होतात हे खरे, परंतु दुधातील प्रथिने आणि चुना हे मुलाच्या वाढीस लागणारे मुख्य घटक कायम राहतात.

वेताच्या वेळी : जनावर विताना किंवा गाभडल्यावर मुलांना व गरोदर स्त्रियांना तेथून दूर ठेवावे. वार व गर्भ उघड्या हातांनी हाताळू नये. रबरी हातमोजे वापरावेत. ते नसल्यास हातावर जाड प्लास्टिकच्या पिशव्या चढवून काम करावे आणि नंतर साबणाने हात स्वच्छ धुवावेत. गर्भ, वार व भिजलेले गवत चार ते सहा फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. ही जागा विहिरीपासून दूर असावी, आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर काटेरी फांद्या व दगड टाकावेत. गोठ्यातील जमीन झाडण्यापूर्वी जंतुनाशकाने किंवा चुन्याच्या निवळीने भिजवावी. गाभडलेले जनावर काही आठवडे वेगळे बांधावे.

लसीकरण : गाई-म्हशींच्या मादी वासरांना, म्हणजे कालवडी व पारड्यांना, ४ ते ८ महिन्यांच्या वयात एकदाच टोचावयाची लस उपलब्ध आहे. २०१९ साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ-खुरकूत रोगाबरोबर ब्रुसेलोसिसचाही अंतर्भाव करण्यात आला. लस टोचलेल्या वासराच्या कानात बारा अंकी बिल्ला मारून त्याची नोंद करतात. ही लस जिवंत जंतूंची असल्यामुळे ती नरांना किंवा गाभण जनावरांना देत नाहीत. चुकून माणसाला सुई लागल्यास त्यालाही हा रोग होऊ शकतो. म्हणून लसीकरणाच्या वेळी मुलांना वासरू धरावयास उभे करू नये, आणि रिकाम्या कुप्या व सुया त्यांच्या हाती लागू देऊ नयेत. या कार्यक्रमातील ब्रुसेलोसिसच्या लसीकरणाची आखणी गोवंश व म्हैसवंशापुरती आहे. शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांची भिस्त त्यामुळे स्वच्छता, तपासणी व उकळलेले दूध यांवरच राहते.

खरेदी-विक्री : गाभडलेले जनावर गुपचूप बाजारात नेऊन विकण्याची प्रवृत्ती आढळते. विकणाऱ्याचा तोटा त्यामुळे काहीसा भरून निघत असेल, पण रोग मात्र दुसऱ्या गावातील गोठ्यात आणि तेथील मुलांच्या पेल्यात जातो. खरेदी करणाऱ्याने जनावराची पूर्वीची वेते विचारावीत, रक्ततपासणीचा आग्रह धरावा आणि नवीन जनावर काही दिवस कळपापासून अलग ठेवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

गावातील कोणाची गाय गाभडली हे कार्यकर्त्यास बहुधा दोन दिवसांत कळते. कोणाचे मूल पंधरा दिवस तापाने पडून आहे, हे आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांना ठाऊक असते. ही माहिती एकमेकांना सांगण्याची प्रथा पाडावी. गर्भपाताची वार्ता मिळताच त्या घरी जाऊन वार पुरली की नाही ते पाहावे, कच्चे दूध बंद करावयास सांगावे आणि पशुवैद्यकास कळवावे. त्यानंतरचे काही महिने त्या घरातील मुलांवर लक्ष ठेवावे. एक आठवड्याहून अधिक टिकणारा ताप किंवा लंगडणे दिसल्यास मुलास आरोग्य केंद्रात पाठवावे, आणि गोठ्यातील हकीकत डॉक्टरांना कळेल अशी व्यवस्था करावी. उपचार सुरू झाल्यावर सहा आठवड्यांची औषधे पुरी होतात की नाही, याची चौकशी दर आठवड्यास करावी. उलट, एखाद्या मुलास हा रोग असल्याचे निश्चित झाले, तर त्या घरच्या व शेजारच्या जनावरांची तपासणी झाली पाहिजे. राज्यात पुण्यातील औंध येथे पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. पशुवैद्यकामार्फत नमुने तपासणीस पाठविता येतात.

हे सांगताना शेतकऱ्यास दोष देण्याचा सूर नसावा. धारोष्ण दूध देणारी आजी नातवाच्या भल्यासाठीच ते देत असते. तिला दूध देण्यापासून परावृत्त करावयाचे नसून, तेच दूध चुलीवरून उतरवून देण्यास सांगावयाचे आहे. जनावर गाभडले की प्रथम वासराचा आणि दुधाचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. त्याच क्षणी घरातील मुलांचाही विचार मनात आला आणि त्याप्रमाणे दूध, वार व गोठा यांची दक्षता घेतली गेली, तर या रोगाने झिजणारी पुष्कळ बालके त्यापासून वाचतील.